ऑलिंपिकवीर खाशाबा जाधव : एक ऋणस्मरण

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र असावे, असे ठरले तेव्हा कार्यकारिणीच्या बैठकीत नावांची वाण पडली नाही. संत होते, समाजसुधारक होते, रंगभूमी गाजवलेले नटश्रेष्ठ होते. त्यांपैकी बहुतेकांवर आमच्या रौप्यमहोत्सवी अंकात लेख येऊन गेले आहेत. यंदा एका पैलवानाचे चरित्र द्यावे, ही सूचना पुढे आली ती काहीशा अनपेक्षित निमित्ताने. ते निमित्त सांगितल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे.

एचएसआर लेआउटमध्ये राहणाऱ्या आमच्या एका सभासदांची कन्या शाळेच्या फुटबॉल संघाची कर्णधार आहे. अंगाने किरकोळ, पण समोरून धावत येणाऱ्या थोराड मुलीच्या पायातून चेंडू काढून घेताना तिला कोणाची भीड वाटत नाही. गेल्या पावसाळ्यात आंतरशालेय सामन्यात तिचा गुडघा पिरगळला आणि आतील स्नायुबंध तुटला. डॉक्टरांनी दुर्बिणीच्या साहाय्याने शस्त्रक्रिया केली, आणि नऊ महिने मैदानाचे नाव काढावयाचे नाही, असे बजावले. गणेशोत्सवात ती कुबड्या घेऊन आली होती. तिच्याभोवती जमलेली मुले तिला धीर देत होती. युरोपातील कोणत्या खेळाडूचा गुडघा कोणत्या साली गेला, कोण परतला, कोण कायमचा घरी बसला, ही सारी नामावळी त्यांना अथर्वशीर्षापेक्षा अधिक मुखोद्गत होती! शेजारीच आमचे कराडकडील एक वृद्ध सभासद बसले होते. त्यांनी सहज म्हणून खाशाबा जाधवांच्या गुडघ्याची गोष्ट काढली. मुलांना हे नाव ठाऊक नव्हते. दोघा-तिघांनी २०२३ च्या जानेवारीत गूगलच्या पानावर त्यांचे चित्र पाहिले होते, तेवढाच परिचय. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. आम्हा मोठ्यांपैकीही निम्म्याअधिक मंडळींचे ज्ञान हेलसिंकी आणि कांस्यपदक या दोन शब्दांवर येऊन थांबत होते. म्हणून हा लेख.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातील गोळेश्वर या गावी झाला. कराड शहराला लागूनच हे खेडे आहे. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा धाकटे. त्या काळच्या कृष्णाकाठच्या खेड्यात तालीम म्हणजे गावाचे दुसरे देऊळच असे. पहाटे उठून लाल माती उकरावी, जोर-बैठका काढाव्यात, वस्तादांच्या नजरेखाली लढत करावी आणि मग शेताकडे किंवा शाळेकडे वळावे, हा क्रम. खाशाबांना हे बाळकडू घरातच मिळाले. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाले. यशवंतराव चव्हाण ज्या शाळेत शिकले तीच ही शाळा. बेचाळीसच्या चळवळीत सातारा जिल्हा पेटला होता, पत्री सरकारचा दरारा गावोगाव होता. शाळकरी वयाच्या खाशाबांनी भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणे, पत्रके पोचविणे अशी कामे केली. आखाड्यातील मुलगा आणि चळवळीतील मुलगा हे त्या जिल्ह्यात बहुधा एकच असत, हे येथे ध्यानात घ्यावे.

शाळेनंतर ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. कोल्हापूर म्हणजे शाहू छत्रपतींनी मल्लविद्येला दिलेले माहेर. खासबागेचे मैदान, गंगावेस, मोतीबाग अशा नामांकित तालमी, दुधातुपाचा खुराक, आणि निकाली कुस्ती पाहण्यासाठी दहा-दहा कोस चालत येणारा रसिक प्रेक्षक. आमच्या मंडळातील कोल्हापूरकर येथे हळूच आठवण करून देतात की त्यांच्या गावचा फुटबॉलसुद्धा तालमींच्याच पोटी जन्मला आहे. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ ही नावे ऐकून बंगलोरचा मनुष्य बुचकळ्यात पडतो. तालीम आणि फुटबॉल यांचा संबंध काय, असे त्याला वाटते. पण शाहू स्टेडियमवर या दोन संघांची गाठ पडते तेव्हा जी ईर्ष्या उसळते ती थेट हौद्यातून आलेली असते. ते असो.

खाशाबांची शरीरयष्टी पाहून कोणी दबकावे अशी नव्हती. उंची बेताची, वजन पन्नास-पंचावन्न किलोंच्या आसपास. कोल्हापुरी कुस्तीत ज्यांचे फोटो भिंतीवर लावतात त्या अजस्र हिंदकेसरी मल्लांपुढे हा मुलगा पोरसवदाच दिसला असता. पण त्यांच्या अंगी विजेची चपळाई होती आणि डोके थंड होते. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. प्रतिस्पर्ध्याची मान बगलेत जखडावयाची आणि क्षणार्धात कंबरेच्या बळावर त्याला उचलून टाकावयाचे. पुढे वर्तमानपत्रांनी त्यांना पॉकेट डायनॅमो म्हटले ते उगीच नव्हे. कुस्तीखेरीज पोहणे, धावणे, वजन उचलणे, हातोडाफेक यांतही त्यांना गती होती.

१९४८ साली लंडनला ऑलिंपिक भरले. कोल्हापूरच्या महाराजांनी प्रवासखर्चाचा भार उचलला आणि बावीस वर्षांचे खाशाबा समुद्रापलीकडे गेले. तेथे त्यांच्यापुढे जे उभे राहिले ते समजावयाचे तर माती आणि मॅट यांतील भेद थोडा विस्ताराने सांगावा लागेल. आमच्या मुलांनी फक्त मॅट पाहिली आहे आणि आमच्या वडिलांनी फक्त माती.

आपली माती नुसती माती नसते. तीत ताक, तेल, हळद, लिंबू असे काय काय घालून ती मऊ आणि औषधी केलेली असते. पाय तीत रुततो. अंगाला लागलेल्या मातीमुळे पकड घट्ट बसते. कुस्ती निकाली असते. पाठ लागली की संपले, न लागली तर अर्धा तास, तास, दिवस मावळेपर्यंतही चालावी. घाई नसते. खडाखडीत प्रतिस्पर्ध्याला दमवावे, अंदाज घ्यावा आणि मग डाव टाकावा. मॅटवर हे सारे उलटे. पाय घसरतो, पकड सुटते, घाम कोरडा होत नाही. कुस्तीला वेळेची मर्यादा असते, बाजूला पंच बसलेले असतात. पाठ न लागताही गुणांवर कुस्ती जाते, आणि त्या काळी जिंकूनही निर्विवाद चितपट नसेल तर नावावर दोषगुण चढे. मातीतील पैलवान कंबरेच्या वर लढण्यास सरावलेला असतो, मॅटवरचा मल्ल विजेसारखा खाली झेपावून पाय धरतो. ज्याने जन्मभर शेणाने सारवलेल्या अंगणात नृत्य केले त्याला एकाएकी संगमरवरी फरशीवर उभे करावे, तसा हा प्रकार होता.

लंडनमध्ये अमेरिकेचे जुने विजेते रीस गार्डनर यांनी खाशाबांना मॅटचे आणि आंतरराष्ट्रीय नियमांचे धडे दिले. ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला त्यांनी काही मिनिटांतच गारद केले, अमेरिकेच्या बिली जर्निगनलाही हरविले. पुढे इराणच्या मन्सूर रईसीने त्यांचा मार्ग रोखला. ५२ किलोंच्या फ्लायवेट गटात सहावा क्रमांक मिळाला. ज्याला मॅटची पुरती ओळखही झालेली नव्हती अशा विद्यार्थ्याने जगात सहावे यावे, याचे महत्त्व त्या वेळी फारसे कोणाच्या लक्षात आले नाही. खाशाबांच्या मात्र आले. आपण पदक आणू शकतो, हे त्यांना लंडनमध्ये कळले, आणि पुढील चार वर्षे त्यांनी त्या एका ध्यासात काढली. वजनाचा गटही वरचा घेतला, ५७ किलोंचा बँटमवेट.

१९५२ साली हेलसिंकीला जाण्यापूर्वीची कहाणी मात्र मनास क्लेश देणारी आहे. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांना एक गुण कमी देऊन मुद्दाम मागे ठेवल्याचा त्यांचा आरोप होता. खाशाबा तोंड मिटून परत आले नाहीत. भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष असलेल्या पतियाळाच्या महाराजांकडे, यादवींद्रसिंहांकडे, त्यांनी दाद मागितली. महाराज स्वतः खेळाडू. त्यांनी खाशाबांना निवड चाचणीत उतरण्याची संधी दिली आणि तेथे खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला चीत करून प्रश्न मिटविला. गोळेश्वरच्या शेतकऱ्याच्या मुलाने थेट महाराजांपर्यंत जावे, हे धैर्य आम्हास त्यांच्या ढाकेपेक्षाही मोठे वाटते.

निवड झाली, पण पैसे कोठून आणावयाचे? सरकारदरबारी हात पसरून झाले, उपयोग झाला नाही. अखेरीस गावकऱ्यांनी दारोदार फिरून वर्गणी जमविली, आणि राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. आजच्या पिढीला ही रक्कम हसण्यावारी नेण्याजोगी वाटेल. त्या काळी त्या रकमेत घर होत असे, म्हणून तर ती मिळविण्यास घर गहाण पडले. एका शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्याच्या पाठीवर छप्पर पणाला लावावे, हा प्रसंग आम्ही मुलांना सांगितला तेव्हा ती मुले जरा वेळ गप्प झाली. कुबड्या घेऊन आलेल्या मुलीने व्याज किती होते, असे विचारले. आम्हास उत्तर देता आले नाही, परंतु प्रश्न रास्त होता.

हेलसिंकीच्या या ऑलिंपिकशी आपल्या बंगलोरचाही एक धागा जुळलेला आहे. भारतीय फुटबॉल संघ तेथे सैलेन मन्ना यांच्या नेतृत्वाखाली उतरला होता. युगोस्लाव्हियाने त्याचा १० विरुद्ध १ असा दणदणीत पराभव केला. आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळले होते. तो एकुलता एक गोल ज्यांनी केला ते अहमद खान बंगलोरचे. खाशाबांच्याच वर्षी, १९२६ साली, जन्मलेले. एक कृष्णाकाठचा, एक या शहरातील, दोघेही त्या थंड देशात एकाच महिन्यात आपापल्या परीने झुंजत होते, हे वाचून आमच्या येथील फुटबॉलवेड्या मुलांना खाशाबा एकाएकी जवळचे वाटू लागले. हॉकीत भारताने नेहमीप्रमाणे सुवर्णपदक मिळविले, आणि सर्वांचे लक्ष साहजिकच तिकडे होते.

कुस्तीच्या हॉलमध्ये काय घडत होते हे पाहण्यास आपल्याकडील फारसे कोणी नव्हते. खाशाबांनी कॅनडाच्या एड्रियन पोलिक्विनला पाडले, मेक्सिकोच्या लिओनार्डो बासुर्टोला पाडले, जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झलाही नमविले. मग जपानचा शोहाची इशी समोर आला. ही कुस्ती दीर्घकाळ चालली आणि अटीतटीची झाली. इशी जिंकला आणि पुढे त्यानेच सुवर्णपदक नेले. खाशाबा मॅटवरून उतरले तेव्हा पार थकलेले होते. तोच त्यांना सोव्हिएत रशियाच्या रशीद ममेदबेकोव्हशी लढण्यासाठी पुकारण्यात आले. दोन कुस्त्यांच्या मध्ये निदान अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी, असा नियम होता. पण हा नियम पंचांपुढे मांडावयास भारतीय पथकातील एकही अधिकारी तेथे हजर नव्हता. खाशाबांना इंग्रजीत वाद घालत बसण्याइतकी सवड नव्हती आणि अंगात त्राणही नव्हते. ते उभे राहिले, लढले आणि हरले. ममेदबेकोव्हला रौप्य मिळाले, खाशाबांना कांस्य. दिवस होता २३ जुलै १९५२.

त्या अर्ध्या तासाविषयी आमच्या कट्ट्यावर आजही वाद होतात. विश्रांती मिळाली असती तर रौप्य निश्चित होते, असे एक पक्ष म्हणतो. दुसरा पक्ष म्हणतो, जरतरच्या कुस्त्या कोणीही जिंकतो. आम्ही पहिल्या पक्षाचे आहोत, हे मान्य करून टाकतो. चाहत्यांनी तटस्थ राहावे, असा नियम कोठे आहे? मात्र एक गोष्ट दोन्ही पक्षांना मान्य आहे. स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमध्ये मिळालेले हे पहिले वैयक्तिक पदक. त्यानंतरचे वैयक्तिक पदक टेनिसपटू लिअँडर पेस यांनी १९९६ साली आणले, म्हणजे तब्बल ४४ वर्षांनी. कुस्तीतील पुढचे पदक सुशीलकुमार यांनी २००८ मध्ये मिळविले. महाराष्ट्राला दुसरा वैयक्तिक ऑलिंपिक पदकविजेता लाभण्यासाठी २०२४ साल उजाडावे लागले. पॅरिसमध्ये नेमबाजीत कांस्यपदक मिळविणारे स्वप्नील कुसाळे कोल्हापूर जिल्ह्यातीलच. मध्ये ७२ वर्षे गेली होती. त्याच हेलसिंकीत खाशाबांचे सहकारी, कोल्हापूरचे के. डी. माणगावे, फेदरवेट गटात चौथे आले. त्यांचे पदक अगदी थोडक्यात हुकले. चौथ्या क्रमांकाला इतिहासात ओसरीवरच बसावे लागते. निदान आमच्या स्मरणिकेत तरी त्यांचे नाव छापलेले असावे, म्हणून येथे आवर्जून लिहिले.

परतल्यावर कराड ते गोळेश्वर अशी जी मिरवणूक निघाली ती आमच्या त्या वृद्ध सभासदांनी वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिली आहे. शंभराहून अधिक बैलगाड्या होत्या. बैलांच्या शिंगांना रंग, गळ्यात घुंगुरमाळा, पुढे ढोल-लेझीम, गुलालाने रस्ता लाल. एरवी पाव तासाचा रस्ता, त्याला सात तास लागल्याचे सांगतात. सभासद तेव्हा सहा-सात वर्षांचे होते. त्यांना खाशाबांचा चेहरा आठवत नाही. गर्दीत तो दिसलाच नाही. आठवते ती एका बैलाच्या पाठीवरची झूल आणि वडिलांच्या मुंडाशाला लागलेला गुलाल. आम्ही त्यांना पुनःपुन्हा विचारले, पण त्यांनी आठवणीत तसूभरही भर घातली नाही. त्यांच्या या प्रामाणिकपणामुळे आम्हास ती मिरवणूक अधिक खरी वाटली.

त्या गुलालाखाली एक देणे होते, ते खाशाबा विसरले नाहीत. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरविले, स्वतः लढले, जिंकले, आणि जमलेल्या पैशातून प्राचार्यांचे घर सोडविले. ज्या गावाने आणि ज्या गुरूने पाठविले त्यांच्याच मातीत पुन्हा उतरून कर्ज फेडणारा ऑलिंपिकवीर जगाच्या पाठीवर दुसरा असेल तर आम्हास जाणून घ्यावयास आवडेल.

१९५५ साली ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. नजर पुढल्या वर्षीच्या मेलबर्नवर होती. वय तिशीला टेकले होते. आता मॅट परकी राहिली नव्हती, अनुभवाची शिदोरी भरपूर होती, आणि हेलसिंकीतील तो अर्धा तास मनात सलत होता. अशा वेळी गुडघा गेला. दुखापत गंभीर होती. मेलबर्नचे दार बंद झाले ते कायमचेच.

पैलवानाचा गुडघा म्हणजे काय, हे ज्याने कधी मॅटवर पाऊल ठेवले आहे त्यालाच नीट कळेल. पवित्रा घ्यावयाचा तो गुडघे वाकवून. झेप घ्यावयाची ती गुडघ्याच्या बळावर, प्रतिस्पर्ध्याचे वजन पेलावयाचे ते गुडघ्यावर. दंडाची दुखापत लपविता येते. गुडघ्याची लपविता येत नाही, कारण समोरचा मल्ल नेमका तोच पाय धरावयास येतो. आज आमच्या त्या कर्णधार मुलीसाठी दुर्बिणीची शस्त्रक्रिया आहे, व्यायामतज्ज्ञ आहे, आठवड्यागणिक किती अंश पाय वाकला याचा तक्ता आहे. १९५० च्या दशकात यांतले काय उपलब्ध होते? शेक, लेप, पट्टी आणि सक्तीची विश्रांती. गुडघा गेला म्हणजे खेळ गेला, हे त्या काळी गृहीतच धरलेले असे. त्याची बातमी होत नसे, निरोपाचा सामना होत नसे. हेलसिंकीहून आल्यावर शंभर बैलगाड्या निघाल्या होत्या. मेलबर्नला न जाणाऱ्या माणसासाठी एकही निघाली नाही, आणि निघावी असे कोणाला सुचलेही नसेल.

यापुढची २७ वर्षे पोलीस खात्यात गेली. खात्याच्या अंतर्गत स्पर्धा त्यांनी गाजविल्या, तरुणांना शिकविले, आणि साहाय्यक पोलीस आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले. हा काळ आम्ही दोन ओळींत आटोपतो आहोत याचे कारण असे की तो बहुतेक नोकरदारांच्या आयुष्यासारखाच गेला : बदल्या, बढतीची वाट, आणि शेवटी निवृत्तिवेतनासाठी खेटे. ज्याच्यासाठी इंग्लंड-फिनलंडच्या सभागृहांत तिरंगा झळकला त्याला हक्काच्या निवृत्तिवेतनासाठी झगडावे लागले, हे लिहिताना संताप येतो, पण तो व्यक्त करण्याचा आम्हास अधिकार किती, हा प्रश्न लगेच पुढे उभा राहतो. त्याविषयी खाली लिहिले आहे. १९८२ साली दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या तेव्हा मशाल नेणाऱ्यांत खाशाबांचा समावेश करण्यात आला. हयातीत राष्ट्रीय पातळीवर मिळालेला मान म्हणावयाचा तो एवढाच. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. वय अवघे अठ्ठावन्न.

मग मान येऊ लागले, जसे ते येतात. महाराष्ट्र शासनाचा शिवछत्रपती पुरस्कार मरणोत्तर, अर्जुन पुरस्कार मरणोत्तर, तोही २००० सालचा. दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी कुस्तीच्या सभागृहाला त्यांचे नाव दिले गेले. त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. दुसऱ्या पारड्यात हेही टाकले पाहिजे की त्यांच्या गावी कुस्ती अकादमी उभारण्याचे आश्वासन वर्षानुवर्षे रेंगाळले, आणि २०१७ साली कुटुंबीयांनी ते कांस्यपदक लिलावात काढण्याचा इशारा दिला, तेव्हा कोठे वर्तमानपत्रांना ही गोष्ट आठवली.

आता आमच्याविषयी.

आमच्या मंडळाची स्थापना १९७५ ची. तेव्हा एचएसआर लेआउट नव्हता. होसूर आणि सर्जापूर या दोन रस्त्यांच्या मधला तो सारा शेतांचा आणि तळ्यांचा टापू होता, आणि आमचे संस्थापक सभासद जुन्या शहरातील भाड्याच्या घरांत राहत असत. आगरा तळ्याच्या बाजूला आज ज्या सदनिकांतून संक्रांतीचे हळदीकुंकू होते तेथे त्या वेळी रागी पिकत असे. मंडळाची इतिवृत्ते आम्ही या अंकासाठी पुन्हा चाळली. पहिल्या नऊ वर्षांत गणेशोत्सवासाठी आणि महाराष्ट्र दिनासाठी कोणा-कोणाला पाहुणे म्हणून बोलवावे, याची चर्चा दर वर्षी पानेच्या पाने झालेली आहे. कादंबरीकार, भावगीत गायक, कीर्तनकार, पुण्या-मुंबईच्या नाटकमंडळ्या. प्रवासखर्च परवडेल का, मानधन किती, शाकाहारी जेवण कोणाकडे, सारे बारकाईने लिहून ठेवलेले आहे. या नऊही वर्षांत खाशाबा जाधव हयात होते. त्यांचे नाव एकाही पानावर नाही.

ते दूर होते म्हणावे तर तेही खरे नव्हे. आम्हा सर्वांचा गावी जाण्याचा रस्ता तोच. तुमकूर, हुबळी, बेळगाव, कोल्हापूर, कराड, सातारा, पुणे. पूर्वी त्याला राष्ट्रीय महामार्ग ४ म्हणत, आता ४८ म्हणतात. संध्याकाळी बंगलोर सोडावे आणि पहाटे डोळे उघडावेत तो कृष्णेच्या पुलावरचा गार वारा खिडकीतून यावा, हा अनुभव नसलेले कुटुंब आमच्या मंडळात क्वचितच सापडेल. कोणी मिरजेपर्यंत रेल्वेने जाऊन पुढे एसटी धरीत. दिवाळीला जाताना कराड, मे महिन्यात जाताना कराड, लग्नाला, मुंजीला, बाराव्याला जाताना कराड. स्थानकावर बस दहा मिनिटे थांबे, आम्ही चहा पीत असू, मुलांना बिस्किटे घेऊन देत असू. तेथून गोळेश्वर हाकेच्या अंतरावर. स्वतंत्र भारताचा पहिला वैयक्तिक ऑलिंपिक पदकविजेता त्या पंचक्रोशीचा आहे, हे आम्हास माहीत नव्हते असे नाही. माहीत होते. शाळेच्या पुस्तकातल्या धड्यासारखे माहीत होते. तो माणूस अजून आहे, त्याला एक पोस्टकार्ड पाठविता येईल, तो आपल्या मुलांसमोर येऊन बसेल, हे सुचले नाही.

पाहुण्यांच्या यादीत नाटककाराचे नाव चटकन येते आणि पैलवानाचे येत नाही, यात आमच्या मध्यमवर्गीय अभिरुचीचा भाग असावा. लेखकाशेजारी बसून फोटो काढणे आम्हास भूषणाचे वाटे. पैलवान व्यासपीठावर काय बोलणार, अशी एक न बोललेली शंका मनात असावी. एका ज्येष्ठ सभासदांना हे विवेचन पटलेले नाही. त्यांच्या मते त्या काळी पत्ताच मिळाला नसता. पोलीस खात्यातील माणसाचा पत्ता मिळविणे अवघड नव्हते, असे आमचे मत. दोन्ही मते येथे नोंदविली आहेत.

गणेशोत्सवानंतर आमच्याकडील फुटबॉल खेळणाऱ्या मुलांनी स्वतःहून एक काम अंगावर घेतले. हेलसिंकीच्या बँटमवेट गटातील कुस्त्यांचा तक्ता त्यांनी मोठ्या कागदावर काढला आणि तो मंडळाच्या सभागृहात, वाचनालयाच्या कपाटाशेजारी लावला आहे. इशी, ममेदबेकोव्ह, जाधव. जाधवांच्या नावापुढे दोन कुस्त्यांच्या मध्ये त्यांनी एक रिकामा चौकोन ठेवला आहे आणि आत ३० मिनिटे असे लिहिले आहे. तक्त्यातील अक्षर त्या कर्णधार मुलीचे. तिचा पाय आता १२० अंश वाकतो. फेब्रुवारीत धावण्याची परवानगी मिळेल, असे डॉक्टर म्हणतात.

येत्या मे महिन्यात गावी जाताना तिचे कुटुंब कराडला उतरणार आहे. आणखी चार कुटुंबांनी नावे दिली आहेत. गोळेश्वरला खाशाबांचे घर आहे, त्याला ऑलिंपिक निवास म्हणतात. ज्यांना सोबत यावयाचे असेल त्यांनी कार्यवाहांकडे नाव नोंदवावे. बस रात्रीची आहे, कराड पहाटे येते, तेव्हा झोपेत पुढे निघून जाऊ नये.